सहा दिवस की ४५४ कोटी वर्षं? ख्रिस्ती घरात कोणतं मत धरावं

दहावीला उत्क्रांतीचा धडा आला की आपल्या मंडळीतली पोरं विचारायलेत, घरी उत्पत्तीच्या पुस्तकात सहा दिवस आणि शाळेत ४५४ कोटी वर्षं, मग खरं काय? आईवडील पास्टरांकडं पाठवतात, पास्टर म्हणतात बाळा प्रार्थना कर, आणि प्रश्न तिथंच राहतो. खरं तर ख्रिस्ती लोकांत यावर एकच मत कधीच नव्हतं. आज निदान चार मतं आहेत. देवाने जग निर्माण केलं हे चौघांनाही मान्य, भांडण कसं आणि किती काळात यावर आहे. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात देव आकाश आणि पृथ्वीचा निर्माणकर्ता एवढंच म्हणतो आपण, वर्षं तिथं मोजलेली नाहीत.

पहिलं मत तरुण पृथ्वीचं. सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचेच, पृथ्वी सहा ते दहा हजार वर्षांची, आणि खडकांचे थर बहुतेक नोहाच्या जलप्रलयात साचले. आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांनी १६५० साली बायबलमधल्या वंशावळ्या जोडून निर्मितीचं साल काढलं इसवी सनापूर्वी ४००४. आजचं रूप मात्र १९६० नंतर अमेरिकेत वाढलं. याची ताकद म्हणजे वाचायला सरळ, आणि मरण पापामुळं आलं हे रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं जसंच्या तसं बसतं. ही बाजू हलकी समजू नका, बाकीच्या तिघांना इथंच घाम फुटतो.

पण या मताची अडचण आपल्याच पायाखाली आहे. मराठवाडा बसला आहे तो दख्खनच्या लाव्हावर, वेरूळचं कैलास लेणं त्याच काळ्या पाषाणात कोरलंय, आणि हा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. वर्षांचा आकडा बाजूला ठेवला तरी चालेल, घाटात रस्ता कापलाय तिथं बघा, काळ्या दगडाच्या दोन थरांमधे कुठंकुठं तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. म्हणजे लाव्हा आला, थंड झाला, वरचा भाग ऊन-पावसानं झिजून माती झाली आणि मग पुढचा लाव्हा आला. काही ठिकाणी दोन थरांच्या मधे तळ्याचा गाळ आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म सापडतात. एका वर्षाच्या प्रलयात, पाणी वर असताना, ही माती कधी तयार झाली आणि गोगलगायी कधी नांदल्या? मला तरी पटेल असं उत्तर मिळालेलं नाही.

तसंच औंढा नागनाथचं. हिंगोली जिल्ह्यात गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातून पसरणारे सूक्ष्म तरंग, पकडणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहतेय, २०२३ ला केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगोने २०१५ साली पहिल्यांदा गुरुत्वीय लहर पकडली, ती दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्याची होती आणि तिला इथवर यायला अंदाजे १३० कोटी वर्षं लागली. जग सहा हजार वर्षांचं म्हणायचं तर मग देवाने लहर वाटेतच निर्माण केली असं म्हणावं लागतं, म्हणजे कधी न घडलेल्या घटनेची खबर. असं करणारा देव मला बायबलमधे दिसत नाही.

दुसरं मत जुन्या पृथ्वीचं. एकेक दिवस म्हणजे एकेक मोठा काळ, विश्व १३८० कोटी वर्षांचं मान्य, पण जीवांचे प्रकार देवाने वेळोवेळी थेट निर्माण केले. घरात भांडण नको असेल तर सोयीचं. पण क्रम जुळत नाही, उत्पत्तीत झाडं तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या, पक्षी पाचव्या दिवशी आणि जमिनीवरचे प्राणी सहाव्या, जीवाश्मांत पक्षी सरपटणाऱ्यांच्या नंतर येतात. ओढूनताणून बसवावं लागतं.

तिसरं बुद्धिमान रचनेचं. जिवाणूची शेपटी इतकी गुंतागुंतीची की आपोआप होणं शक्य नाही, हा त्यांचा लाडका दाखला. पृथ्वीच्या वयावर हे लोक गप्प. २००५ ला अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळेत हे मत शिकवण्यावरून खटला झाला, त्यात कोर्टाने हे विज्ञान नाही असं ठरवलं. माझी हरकत वेगळी आहे, विज्ञानाला जे कळलं नाही तिथंच देव बसवला तर उद्या कळल्यावर त्याला कुठं हलवणार?

चौथं, उत्क्रांती हीच देवाची निर्मितीची रीत. मानवी जीनोम प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले फ्रान्सिस कॉलिन्स या मताचे, आणि ते पक्के इव्हॅन्जेलिकल, म्हणजे बायबलला सर्वोच्च मानणारे प्रोटेस्टंट. कॅथलिक चर्चने १९५० ला शरीराच्या उत्क्रांतीवर संशोधनाला मोकळीक दिली, आत्मा मात्र थेट देवाकडून, आणि १९९६ ला पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले की उत्क्रांती आता नुसती कल्पना राहिलेली नाही. विश्वाच्या आरंभाची बिग बँग ही कल्पनाच मुळात बेल्जियमच्या लमेत्र नावाच्या एका फादरची. पण १९५१ ला तेव्हाच्या पोपनी ती निर्मितीचा पुरावा असल्यासारखी मांडली तेव्हा याच फादरना ते रुचलं नाही, दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा असं त्यांचं म्हणणं.

पुरावा इथं भक्कम. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या, चिंपांझीत २४, आणि आपलं दुसरं गुणसूत्र दोन जुनी जोडून झाल्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. अडचण आदामची. जनुकं सांगतात की आपण एकाच जोडप्यापासून नाही तर हजारोंच्या कळपातून आलो, मग आदाम कोण? काहीजण म्हणतात देवाने त्या हजारोंतून निवडलेला प्रतिनिधी, काही म्हणतात सगळ्या माणसांचं चित्र. आणि मरणाचं काय? इथं मला किल्लारी आठवते. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे हजारो माणसं झोपेत गेली, पहिल्या मताला भूकंप हा पापाचा परिणाम म्हणता येतो, चौथ्या मताला मात्र म्हणावं लागतं की ज्या हालचालीने जमीन घडते तीच गावं गाडते आणि देवाने जग असंच केलं. हे मानायला जड जातं, मी चौथ्याच मताचा असूनही.

तर ठरवायचं कसं? पोरगं सायन्सला जाणार असेल तर पहिलं मत धरायला लावू नका, कॉलेजात पहिल्या वर्षी दगडांचा पुरावा दिसला की त्या मताबरोबर विश्वासही जायचा. आदाम-हव्वा प्रत्यक्ष दोनच माणसं होती यावर तुमचा जीव अडकला असेल तर दुसरं बघा. कॅथलिक असाल तर फादरांशी बोला, चौथ्या मताला तिथं वाट मोकळी आहे, आदामवर थोडं जपून. तिसरं नुसतं वाचून ठेवा. संडेस्कूलसाठी यूट्यूबवरून काही घेत असाल तर आधी त्यात पृथ्वीचं वय किती सांगितलंय ते ऐका, मला सापडलेले हिंदी-मराठी व्हिडिओ बहुतेक पहिल्याच मताचे निघाले आणि तसं ते कुठंच सांगत नाहीत.