हबर्ड आणि क्लिअर चॅनल: वाढीच्या दोन वाटा

घरच्या रेडिओ कंपनीने वाढायचे ते स्वतःच्या ऐपतीने की बाजाराच्या पैशाने, या प्रश्नाला अमेरिकेतील दोन घराण्यांनी वेगवेगळी उत्तरे दिली. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे लॉरी मेज यांनी 1972 मध्ये भागीदारासह एक एफएम केंद्र विकत घेतले. त्यातूनच उभी राहिलेली क्लिअर चॅनल ही कंपनी पुढे शेअर बाजारात उतरली, 1996 च्या कायद्याने केंद्रांच्या देशव्यापी संख्येवरील मर्यादा उठताच तिने खरेदीचा सपाटा लावला आणि केंद्रांची संख्या 1,200 च्या वर गेली. 2008 मध्ये मात्र खरेदीदारांनी प्रचंड कर्ज काढून कंपनी विकत घेतली, आणि 2018 मध्ये, आयहार्टमीडिया या नव्या नावाने, सुमारे 20 अब्ज डॉलरच्या कर्जाच्या बोज्याखाली तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

मिनेसोटातील हबर्ड घराणे 1923 पासून रेडिओत आहे. त्यांनीही 2011 मध्ये 50.5 कोटी डॉलर मोजून 17 केंद्रे घेतली, पण मालकी घरातच ठेवली. मला हीच वाट अधिक पटते. त्या खरेदीतले वॉशिंग्टनचे डब्ल्यूटीओपी हे बातम्यांचे केंद्र आजही दर दहा मिनिटांनी, तासाच्या आठव्या, अठराव्या, अठ्ठाविसाव्या मिनिटाला, शहरातील वाहतुकीची आणि हवामानाची खबर देते.