नऊ महिने, रोज रात्री अर्धा तास: मुलांच्या फँटसी कादंबऱ्या मोठ्याने वाचून झाल्यावर

सुरुवातीलाच सांगते, पुढे काही कथानकं उघड होणार आहेत. या पुस्तकांचे बरेचसे गुण शेवटच्या वळणातच दडलेले असतात, त्यामुळे रहस्य राखून त्यांच्याबद्दल बोलणं मला जमत नाही.

गेले नऊ महिने मी माझ्या दहा वर्षांच्या लेकीला रोज रात्री अर्धा तास वाचून दाखवते आहे. पुस्तकं इंग्रजी, पण वाचन मराठीत. डोळ्यांनी इंग्रजी वाक्य टिपायचं आणि तोंडाने मराठी म्हणायचं. पहिले आठ-दहा दिवस अडखळण्यात गेले, मग जीभ वळली. चौदा पुस्तकं अशी पूर्ण झाली, एक तिने माझी वाट न बघता स्वतःच संपवलं आणि एक सध्या चालू आहे. मनातल्या मनात वाचताना डोळा भराभर पुढे पळतो आणि सैल वाक्यं खपून जातात. मोठ्याने, तेही भाषा बदलत वाचताना प्रत्येक वाक्य हातात घेऊन तोलावं लागतं. आत ऐवज नसेल तर ते तिथल्या तिथे कळतं.

‘ही खपाऊ पुस्तकं, यांत साहित्य कुठलं?’ हा प्रश्न मला या काळात बऱ्याच जणांनी विचारला. खप आहे, यात वाद नाही. हॅरी पॉटरच्या पुस्तकांनी खपाच्या यादीतल्या वरच्या जागा इतक्या अडवून ठेवल्या, की न्यूयॉर्क टाइम्सने 2000 साली मुलांच्या पुस्तकांची यादीच वेगळी काढली. पण नऊ महिने रोज वाचल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. यातली चांगली पुस्तकं खरोखर चांगलं साहित्य आहेत, आणि चांगलं-वाईट ओळखायची खूण अगदी सोपी आहे. या पुस्तकात जादूची किंमत कोण मोजतं, एवढंच बघायचं. जिथे कुणीच मोजत नाही, ते पुस्तक संपलं की संपतं. जिथे मोजावी लागते, त्यावर लेक पुढचे कितीतरी दिवस बोलत राहते.

सुरुवात टॉल्किनच्या ‘हॉबिट’ने केली. पहिली प्रत फसवी निघाली. मुखपृष्ठावर कुठेही उल्लेख नाही, आतल्या पानावर मात्र बारीक अक्षरात ‘संक्षिप्त’ असं लिहिलेलं. अंधाऱ्या गुहेतला कोड्यांचा सामना दीड पानात उरकला होता. ती परत करून पूर्ण आवृत्ती आणली. खरेदी करताना हे जरूर तपासा, कारण अशा कापाकापीत नेमका साहित्याचा भागच जातो. कथानक उरतं, पण सूर जातो.

कोड्यांचं ते प्रकरण आम्ही तीन वेळा वाचलं. एका कोड्याचं उत्तर नायक बिल्बोला येत नसतं. घाबरून तो आणखी वेळ मागतो, पण घशातून एकच शब्द फुटतो, ‘वेळ!’, आणि तेच कोड्याचं उत्तर असतं. ही गंमत मराठीत जशीच्या तशी उतरली, काही करावं लागलं नाही. लेक अंथरुणात उठून बसली. प्रकरणाच्या शेवटी बिल्बो अदृश्य आहे, हातात तलवार आहे, समोर कोडी घालणारा तो दीनवाणा प्राणी आहे, आणि त्याला मारावंसं वाटत असताना एकदम त्याची दया येते. त्या प्राण्याचे अंधारातले दिवस बिल्बोला क्षणभर दिसतात. हा परिच्छेद मी संथपणे वाचला. बाहेर किती युद्धं झाली ते लेक विसरली, पण ‘त्याने मारलं का नाही?’ हा प्रश्न तिने दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना विचारला.

या पुस्तकाची एक गोष्ट मला फार आवडते. 1936 साली प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं आणि अभिप्रायाबद्दल त्याला एक शिलिंग दिला. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हे आवडेल, असं त्याने लिहिलं. पुस्तक 1937 साली आलं. माझ्या घरच्या दहा वर्षांच्या परीक्षकाला ती वयोमर्यादा मान्य नाही. तिची तक्रार वेगळीच आहे. कथेत प्रत्यक्ष वावरणारं एकही स्त्री पात्र नाही, हे तिने बोटांवर मोजून दाखवलं. तक्रार रास्त आहे, मी तिची समजूत काढायला गेले नाही.

सी. एस. लुईस यांची नार्नियाची सातही पुस्तकं (1950 ते 1956) वाचली. पहिलं अजूनही लखलखीत आहे. बर्फाळ जंगलात हातात छत्री आणि पुडकी घेतलेला फॉन, म्हणजे अर्धा माणूस-अर्धा बोकड, दिसतो, आणि त्या एका चित्रात सगळं जग उभं राहतं. लुईस म्हणत असत की ते चित्र त्यांच्या मनात सोळाव्या वर्षापासून होतं, गोष्ट फार नंतर आली. वाचताना हे पटतं. चांगल्या फँटसीत आधी एखादं न विसरता येणारं चित्र असतं आणि गोष्ट त्याच्या मागून चालत येते. शेवटच्या पुस्तकाने मात्र मला दुखावलं. चार भावंडांतल्या सूझनला लिपस्टिक आणि नायलॉनचे मोजे आवडतात, ती आता नार्नियाची मैत्रीण राहिली नाही, असं चार ओळींत सांगून तिला गोष्टीबाहेर ठेवलं आहे. लेक म्हणाली, ‘पण ती तर राणी होती ना?’ दक्षिणेकडच्या सावळ्या लोकांचं चित्रणही एकांगी आहे. ही पुस्तकं मुलांच्या हाती देऊन बाजूला होऊ नका. सोबत बसा आणि असं काही आलं की थांबा.

आता ज्या पुस्तकासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, त्याकडे येते. अर्सुला ले ग्विन यांचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’, 1968. छोटंसं आहे, दोनेकशे पानांचं. पहिला आठवडा लेकीला झोप आवरेना. संवाद कमी, विनोद जवळजवळ नाहीच, आणि गोष्ट सांगायची धाटणी जुन्या पोथीसारखी, दुरून बोलणारी. मी जवळपास सोडूनच देणार होते. मग गेड हा पोरगा एका मुलासमोर फुशारकी मारायला मेलेल्या राणीचा आत्मा बोलावतो, आणि त्या फटीतून एक काळी सावली जगात शिरते. ती फट बुजवताना जादूगारांच्या शाळेचा म्हातारा प्रमुख, नेमर्ल, प्राण देतो. गेडच्या चेहऱ्यावर जन्मभराचे व्रण उरतात.

त्या रात्री लेक खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे याच्या हट्टापायी ते आजोबा गेले?’ हो, गेले. आणि पुस्तक यावर पांघरूण घालत नाही. या जगात प्रत्येक वस्तूचं एक खरं नाव आहे आणि ते ज्याला ठाऊक त्याचा त्या वस्तूवर ताबा. पण दगडाचा खरोखर हिरा केला, तर जगाचा तोल कुठेतरी ढळतोच. असा दंडक एकदा घातल्यावर लेखिका स्वतःही तो मोडत नाही. शेवटी गेड सावलीला गाठतो तेव्हा तिला स्वतःचंच नाव देतो. लढाई नाही, आरडाओरडा नाही, फक्त एक नाव दोन तोंडांतून एकदम निघतं. मराठीत ते वाचताना माझा आवाज थरथरला. आपल्या हातून झालेलं वाईट हे बाहेरचं कुणी नसतं, ते आपल्याच नावाचं असतं, ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलीला उपदेशाचा एक शब्द न उच्चारता कळली. याला साहित्य म्हणायचं नाही तर कशाला?

ले ग्विन यांच्या वाक्यांत विशेषणं मोजकी असतात, त्यामुळे भाषांतर करताना वाक्य हलतच नाही, जसं आहे तसं येऊन बसतं. गेड तांबूस-सावळ्या रंगाचा आहे, हेही त्या मुद्दाम ठासून सांगत नाहीत, सहज सांगून पुढे जातात.

हॅरी पॉटर आम्ही तिसऱ्या पुस्तकापर्यंत वाचलं. चौथं सहाशेपेक्षा जास्त पानांचं आहे, ते ती मोठी होऊन स्वतः वाचेल. भाषेच्या बाबतीत मी कडक बोलणार आहे. ‘तो रागाने म्हणाला’, ‘ती हळूच म्हणाली’ यांचा इतका भरणा आहे की मोठ्याने वाचताना मी दुसऱ्या आठवड्यापासून ते गाळायला लागले, आणि काहीही बिघडलं नाही. पण रचना! तिसऱ्या पुस्तकात पहिल्यापासून मित्राच्या खिशात झोपणारा साधा उंदीर अचानक सगळ्या गोष्टीचा खिळा निघतो. लेकीने लगेच पहिलं पुस्तक काढून उंदराचे सगळे उल्लेख शोधले. वाचक मागे वळून पुरावे तपासतो आणि ते जागच्या जागी सापडतात, ही कारागिरी थोरामोठ्यांच्या कादंबऱ्यांतही रोज भेटत नाही. आणि तळ्याकाठचा तो प्रसंग: आपल्याला वाचवणारा माणूस म्हणजे गेलेले वडीलच, असं हॅरीला वाटत असतं. काळात मागे जाऊन तो वाट बघत राहतो, कुणी येत नाही, आणि मग कळतं की तो माणूस आपणच होतो. पोरकेपणाबद्दल इतकं नेमकं मी फार कमी वाचलं आहे.

नावांची कसरत वेगळीच होती. ज्यात मनातली सर्वांत खोल इच्छा दिसते त्या आरशाचं इंग्रजी नाव म्हणजे ‘इच्छा’ हा शब्द उलटा लिहिलेला. मराठीत ‘इच्छा’ उलटली तर तोंडात बसेना. दोन रात्री आम्ही शब्द उलटेपालटे करत होतो. तिसऱ्या रात्री लेक ओरडली, ‘ध्यास!’ ध्यास उलटा वाचला की होतो ‘सध्या’. सध्याचा आरसा. ज्याच्यासमोर बसून माणसं ध्यासापायी सध्याचं जगणं विसरतात, त्याला याहून चांगलं नाव मला सुचलं नसतं. अर्थ उलगडून सांगायची गरजच पडली नाही, तिने तो स्वतः सांगितला.

पर्सी जॅक्सनबद्दल थोडक्यात. 2005 सालचं पहिलं पुस्तक लेकीने चार दिवसांत एकटीने संपवलं. रिक रायर्डन यांनी ही गोष्ट आधी आपल्या मुलाला झोपताना सांगितली होती. त्या मुलाला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला जड जाण्याची अडचण, होता, म्हणून नायकालाही आहे, आणि गोष्टीत तीच त्याच्या ग्रीक देवकुळाची खूण ठरते. भाषा फार खोल नाही, विनोदांचा मारा आहे, पण वाचायला कंटाळणाऱ्या मुलाला पुस्तकाच्या आत ओढायचं असेल तर हेच घ्या.

फिलिप पुलमन यांच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’मध्ये (1995) माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात शरीराबाहेर, सोबत असतो. इंग्रजीतला ‘डीमन’ हा शब्द कानाला राक्षसासारखा लागतो, म्हणून आम्ही ‘जीवसखा’ म्हणायला लागलो. मूल लहान असेतो जीवसखा हवं ते रूप घेतो, मोठं होताना एका रूपात कायमचा स्थिरावतो. मोठं होणं म्हणजे काय, हे एका कल्पनेत सांगून टाकलं आहे. जीवसख्यापासून तोडलेला मुलगा सापडतो ते प्रकरण मी झोपण्याच्या वेळी वाचायला नको होतं. ती रडली, आणि दिवा चालू ठेवून झोपली. हळव्या मुलांसाठी हे पुस्तक बाराव्या वर्षापर्यंत थांबवा. याच त्रयीच्या तिसऱ्या भागाला 2001 सालचा व्हिटब्रेड या ब्रिटिश साहित्य पुरस्काराचा सर्वोच्च सन्मान मिळाला. तोवर एकाही बालपुस्तकाला तो मिळाला नव्हता.

डायना विन जोन्स यांचं ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ (1986) मधल्या काळात उताऱ्यासारखं वाचलं. शापाने म्हातारी झालेली सोफी म्हातारपणीच धीट होते, तरुणपणी जे बोलली नसती ते सुनावते. लेकीपेक्षा मला जास्त आवडलं.

सध्या मिखाएल एंडे यांचं ‘नेव्हर एंडिंग स्टोरी’ चालू आहे. मूळ जर्मन, 1979. दोन रंगांच्या शाईत छापलेली प्रत मिळाली तर तीच घ्या. एक रंग पुस्तक वाचणाऱ्या मुलाच्या जगाचा, दुसरा पुस्तकातल्या जगाचा, आणि मुलाने रंग ओलांडला की ते डोळ्यांनाच दिसतं. सव्वीस प्रकरणं, ए ते झेड एकेका अक्षराने सुरू होणारी. अर्ध्यावर तो वाचणारा मुलगा, बास्टियन, पुस्तकातल्या जगात पोहोचतो आणि त्याला हवं ते मागायची मुभा मिळते. पण प्रत्येक इच्छेला त्याची एक आठवण जाते. देखणा होतो, आणि आपण जाडे होतो हे विसरतो. शूर होतो, आणि आपण भित्रे होतो हे विसरतो. वाचताना आधी ते लक्षातच येत नाही, कारण त्याच्याही येत नाही.

लेकीच्या मात्र आलं. गेल्या दोन आठवड्यांपासून पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर ती पेन्सिलने यादी करते आहे: बास्टियन काय काय विसरला. मी वाचताना पुढे जायला लागले की हात धरते, ‘थांब, आत्ता काय गेलं त्याचं?’ कधी कधी दोन पानं मागे जाऊन शोधावं लागतं. आता पाच प्रकरणं उरली आहेत. त्याचं स्वतःचं नाव अजून यादीत आलेलं नाही, पण तिने अगदी तळाशी एक ओळ मोकळी ठेवली आहे.