भाड्याच्या जीपीयूवर नऊ महिने: साखळी कशाची हमी देते, कशाची नाही

इचलकरंजीतल्या निवृत्त यंत्रमाग कामगारांच्या मुलाखती आम्ही तिघांनी मिळून चार वर्षं गोळा केल्या. सगळ्या मिळून १४० तासांच्या. ऐकून ऐकून टंकायला माणसं नव्हती, म्हणून बोललेलं मजकुरात उतरवणारं ‘व्हिस्पर’ हे मॉडेल आमच्या बोलीवर शिकवायचं ठरलं. मूळ मॉडेल ‘धोटा’ला ‘छोटा’ म्हणायचं आणि ‘वहिफणी’चे ‘वही’ आणि ‘फणी’ असे दोन तुकडे करायचं. त्याची ७६.९ कोटी पॅरामीटरची (शिकताना बदलत जाणाऱ्या आकड्यांची) मधली आवृत्ती शिकवायला आम्हाला २४ जीबी मेमरीचं जीपीयू कार्ड हवं होतं, म्हणजे एकाच वेळी हजारो गणितं करणारं कार्ड. ते विकत घेणं परवडेना आणि मोठ्या क्लाउडचे तासाचे दर आमच्या वर्गणीत बसेनात. म्हणून गेले नऊ महिने ब्लॉकचेनवर चालणाऱ्या विकेंद्रित बाजारातून जीपीयू भाड्याने घेतोय. ब्लॉकचेन, किंवा नुसतं साखळी, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेली, कुणा एकाला बदलता न येणारी नोंदवही.

नेटवर्कचं नाव लिहीत नाही. मला बोलायचंय ते तिथल्या शब्दांबद्दल, आणि थोड्याफार फरकाने ते शब्द सगळीकडे तेच आहेत. ते नीट न समजल्यामुळे आमचं दोनदा नुकसान झालं.

पहिला शब्द प्रोव्हायडर, म्हणजे ज्याच्या मालकीचं यंत्र तो. तो एखादं डेटा सेंटर असेल, नाहीतर घरच्या खोलीत चार कार्डं लावून बसलेला एखादा माणूस. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या ब्लॉकचेनने ‘प्रूफ ऑफ वर्क’, म्हणजे कार्डांवर सतत गणितं करून नवी नाणी मिळवण्याची (‘मायनिंग’ची) पद्धत, सोडली आणि जगभरची इथेरियम मायनिंगची कार्डं एका रात्रीत त्या कामापुरती निरुपयोगी झाली. त्यातली काही पुढे अशा बाजारांत आली. स्वस्ताई येते ती अशा पडून असलेल्या कार्डांमुळे.

दर ठरतो उलट्या लिलावाने. आकाश नेटवर्क या अशाच एका बाजारात हीच पद्धत आहे. मला काय हवं ते मी एका फाइलमध्ये लिहितो: कार्ड कोणतं, मेमरी किती, डिस्क किती, कोणती डॉकर इमेज (कामाला लागणारं सगळं सॉफ्टवेअर एकत्र बांधलेलं गाठोडं) चालवायची, जास्तीत जास्त किती देईन. प्रोव्हायडर बोली लावतात, मी एक निवडतो, आणि तो करार साखळीवर ‘लीज’ म्हणून नोंदला जातो. सुरुवातीला मी डोळे झाकून सगळ्यात कमी बोली घ्यायचो. मग कळलं की त्या स्वस्त यंत्राचं इंटरनेट मंद असेल तर काही जीबींची इमेज उतरायला पाऊण तास जातो, आणि भाडं त्या पाऊण तासाचंही पडतं.

एस्क्रो हा शब्द मी वरवर वाचला होता. लीज सुरू करताना ठेव म्हणून टोकन (साखळीवरचं डिजिटल चलन) अडकवून ठेवायचे आणि ब्लॉकगणिक, म्हणजे साखळीत नोंदींचा नवा गठ्ठा जोडला जाईल तसतसे, त्यातले थोडे थोडे प्रोव्हायडरकडे जायचे. ही व्यवस्था खरंच सुंदर आहे. त्याला उधारीची भीती नाही, मला महिन्याच्या शेवटी अचानक मोठ्या बिलाची नाही. पण ठेव संपली की लीज आपोआप बंद होते, आणि आमच्या नेटवर्कवर लीज बंद झाली की तिच्यासोबतची डिस्कही जाते. दुसऱ्या महिन्यात रात्री दोनच्या सुमाराला आमची ठेव संपली. सकाळी पाहतो तर एकतीस तासांचं शिक्षण गायब. फोन करून विचारायला तिथे कुणी नसतं आणि करार ठरल्याप्रमाणेच वागलेला असतो. तेव्हापासून दर अर्ध्या तासाचा चेकपॉइंट (तोवरच्या शिक्षणाची जतन केलेली प्रत) त्या यंत्राबाहेर, आमच्या स्वतःच्या साठवणीत जातो.

आता जे या क्षेत्रात सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी समजावलं जातं ते: ऑन-चेन काय आणि ऑफ-चेन काय? बोली, लीज, पैसे हे साखळीवर. माझं मॉडेल, माझे आवाज, प्रत्यक्ष गणित हे सगळं साखळीबाहेर, एका अनोळखी यंत्रावर. ‘ट्रस्टलेस’, म्हणजे कुणावर विश्वास ठेवण्याची गरज नसलेलं, हे विशेषण साखळीवरच्या भागाला अगदी योग्य आहे. बाहेरच्या भागाला ते लागू नाही, आणि जाहिरातींत हा फरक पुसला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमचाच अनुभव घ्या. एका लीजमध्ये एनव्हिडिया कंपनीचं ४०९० म्हणून नोंदलेलं कार्ड प्रत्यक्षात आधीच्या पिढीचं ३०९० निघालं. मेमरी दोन्हींची २४ जीबीच, त्यामुळे काम चाललं, पण वेग बराच कमी. साखळीवर जे लिहिलं होतं ते प्रोव्हायडरने स्वतःच सांगितलेलं होतं. साखळीने ते जपून ठेवलं, तपासलं नाही. तिसऱ्या कुणी तपासून सही केलेले, म्हणजे ‘ऑडिटेड’ गुणधर्म वेगळे असतात. त्यांची गाळणी लावून बोली मागवता येते, हे मला त्या दिवशी समजलं.

मग प्रश्न पडतो: केलेलं गणित बरोबर आहे हे तरी साखळीला कळतं का? साठवणीच्या बाबतीत चांगली उत्तरं आहेत. फाइलकॉइन या साठवणीच्या नेटवर्कमध्ये आपली फाइल अजून जागेवर आहे याचा पुरावा साठवणाऱ्याला पुन्हापुन्हा द्यावा लागतो. गणिताचं तसं सोपं नाही. दोन यंत्रांना तेच काम देऊन उत्तरं जुळवावीत असं कुणालाही सुचेल, पण जीपीयूवर तीही पंचाईत आहे. संगणकाच्या दशांश गणितात ०.१ आणि ०.२ आधी मिळवून मग ०.३ मिळवले तर ०.६००००००००००००००१ येतं, ०.२ आणि ०.३ आधी मिळवले तर ०.६. जीपीयूतले हजारो गाभे (छोटे गणक) एकाच वेळी बेरजा करतात, वेगळ्या कार्डावर त्यांचा क्रम वेगळा पडतो आणि शेवटच्या अंकांत फरक येतो. दोघेही प्रामाणिक असले तरी उत्तरांचा हॅश, म्हणजे आकड्यांवरून काढलेला छोटा ठसा, जुळत नाही. म्हणून कुणी ‘ऑप्टिमिस्टिक’ पद्धत वापरतं: उत्तर खरं धरायचं, ठरावीक मुदतीत कुणी हरकत घेतली तरच तपासायचं, आणि खोटं ठरल्यास प्रोव्हायडरने स्टेक केलेली, म्हणजे हमी म्हणून अडकवून ठेवलेली, रक्कम कापायची. या कापण्याला ‘स्लॅशिंग’ म्हणतात. बिटटेन्सर या दुसऱ्या नेटवर्कमध्ये व्हॅलिडेटर, म्हणजे तपासनीस, उत्तरांना गुण देतात. ‘झिरो नॉलेज प्रूफ’ हा गणिती पुरावा सगळ्यात भक्कम, पण मोठ्या मॉडेलसाठी तो तयार करायला मूळ कामापेक्षा कितीतरी पट गणित लागतं.

आम्ही साधा उपाय धरला. प्रत्येक नव्या लीजवर आधी आमच्या दहा ठरलेल्या ध्वनिफिती चालवायच्या. वेळ आणि चुका आमच्या वहीतल्या आकड्यांशी जुळल्या तरच पुढचं काम, नाहीतर लीज बंद करून उरलेली ठेव परत.

गोपनीयतेवर मात्र मला असा उपाय सापडला नाही. मुलाखत दिलेल्या एका आजींनी विचारलं होतं, “माझं बोलणं कुणाच्या घरात जाणार, बाळा?” त्यांनी कर्जाबद्दल, नवऱ्याच्या दम्याबद्दल, मालकांच्या नावांसकट सांगितलं होतं. भाड्याच्या यंत्रावर काम चालू असताना यंत्रमालकाने ठरवलं तर तो मेमरीतलं वाचू शकतो. यावर ‘टीईई’ नावाचा मार्ग आहे: चिपमध्येच एक बंदिस्त कप्पा, ज्यात मालकालाही डोकावता येत नाही. एनव्हिडियाच्या एच१०० कार्डावर ही सोय आहे, आम्हाला परवडणाऱ्या ४०९० वर नाही. म्हणून ज्यांनी आवाज जाहीर करायला लेखी होकार दिला, त्यांच्याच फिती बाहेर पाठवल्या. त्या १०२ तासांच्या झाल्या. उरलेले ३८ तास आमच्याच खोलीतून हलले नाहीत.

टोकनबद्दल थोडक्यात. शक्य तिथे स्टेबलकॉइनमधली (डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेल्या टोकनमधली) लीज घ्या, म्हणजे टोकनचा भाव चढला तरी तुमचं भाडं चढत नाही. वॉलेटचा, म्हणजे टोकनच्या डिजिटल पाकिटाचा, सीड फ्रेज (ते पुन्हा उघडण्याचे गुप्त शब्द) कागदावर लिहून दोन जागी ठेवा. आणि आपल्या सीएशी आधीच बोला: १ एप्रिल २०२२ पासून टोकनसारख्या डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, एकातला तोटा दुसऱ्यातून वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून हस्तांतरणावर १ टक्का टीडीएसची तरतूद आहे. आम्ही पहिल्या दिवसापासून प्रत्येक व्यवहार तारखेनिशी लिहून ठेवला, म्हणून मार्चमध्ये हाल झाले नाहीत.

कुणाला हे घ्या म्हणेन? ज्यांचं काम एका कार्डावर मावतं, मध्येच तुटलं तरी पुढे चालू करता येतं आणि ज्यांचा डेटा उघड करण्याजोगा आहे, त्यांना नक्की. अनेक यंत्रं जोडून मोठं मॉडेल शिकवायचं असेल तर थांबा. डेटा सेंटरमधली कार्डं आपसात ज्या वेगाने बोलतात, त्याच्या जवळपासही घराघरांतलं इंटरनेट पोहोचत नाही. रुग्णालयाच्या नोंदी, बँकेचे हिशोब, दुसऱ्याचं खाजगी बोलणं हे टीईईशिवाय पाठवू नका.

आमचं मॉडेल आता ‘वहिफणी’ एका शब्दात लिहितं. ‘कांडीवाला’ आणि ‘जॉबर’ही बिनचूक येतात, मागांच्या खडखडाटात बोललेलं अजून चुकतं. ते शिकलेलं मॉडेल उतरवून आमच्या जुन्या संगणकावर बसवलंय. तिथे ते फार हळू चालतं, पण ३८ तासांच्या त्या फिती तिथेच लिहून होतायत. आजींची मुलाखत मागच्या आठवड्यात पूर्ण झाली.