रॉकेलवाला, गॅसवाला की धुराड्यावाला? हवा फेकणारा हीटर घेण्याआधी

किती किलोवॅटचा घेऊ हे सगळे आधी विचारतात, पण माझ्या मते त्याच्याआधी धूर कुठे जाणार हे ठरवा, कारण खरा फरक तिथेच आहे आणि इंधन कुठलं हा नंतरचा प्रश्न.

बाजारात जो आडव्या नळकांड्यासारखा रॉकेल किंवा डिझेलवर चालणारा दिसतो त्याच्या आत एकच मोटर असते, तिच्या एका बाजूला फॅन आणि दुसऱ्या बाजूला छोटा हवेचा पंप. पंपाची हवा नोझलमधून जोरात बाहेर पडते आणि जाताना खालच्या टाकीतलं इंधन स्वतःच ओढून घेते, म्हणजे जुन्या हाताच्या फवारणी पंपात औषध वर चढतं ना, अगदी तसंच. त्याचा बारीक तुषार होतो, स्पार्क पेटवतो आणि फॅन ती सगळी गरम हवा समोर फेकतो. ज्वाळेवर एक फोटोसेल नजर ठेवून असतो, उजेड दिसला नाही की काही सेकंदात मशीन बंद, नाहीतर न जळलेलं इंधन आत साचत राहिलं असतं.

गॅसवाला त्यामानाने साधा. सिलेंडरमध्ये दाब असतोच त्यामुळे पंप नाही, तुषार नाही, काजळी आणि वास पण कमी. वीज मात्र फॅनसाठी यालाही लागते, हे बरेच जण विसरतात. अडचण सिलेंडरची आहे, गॅस वेगाने काढला की सिलेंडर स्वतःच गार पडतो, बाहेरून बर्फ धरतो आणि दाब उतरून हीटर मलूल होतो, म्हणून मोठ्या हीटरला छोटा सिलेंडर लावून उपयोग नाही. शिवाय यातला गॅस, म्हणजे प्रोपेन, हवेपेक्षा जड, गळला तर खाली खड्ड्यात, तळघरात साचतो. तळघरासाठी मी तरी गॅस घेणार नाही.

या दोघांत जळलेला सगळा धूर तुम्ही श्वास घेता त्याच हवेत येतो. म्हणूनच उष्णता जवळपास सगळी वापरात येते, पण कार्बन मोनॉक्साइडसुद्धा येतो, ज्याला ना रंग ना वास. दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्याच लागतात (किती, ते मॅन्युअलमध्ये असतं, वाचा) आणि अलार्म लावा. झोपायच्या जागी तर नकोच नको.

दुसरी गोष्ट पाण्याची. लिटरभर रॉकेल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन हवेत जातं आणि त्यातून उष्णता मिळते साधारण १० युनिट (किलोवॅट-तास). म्हणजे ३० किलोवॅटचा हीटर तासाला ३ लिटर इंधन खातो आणि जवळपास तेवढंच पाणी खोलीत सोडतो, आणि तेवढ्याच उष्णतेसाठी गॅस तर अजून जास्त पाणी सोडतो. आता कोणी म्हणालं की ओलं प्लास्टर वाळवायला हा लावतो तर बघा काय होईल ते, भिंत गरम होते पण खोली बंद असेल तर ती ओल गार कोपऱ्यात जाऊन बसते. ताज्या काँक्रीटच्या बाबतीत अजून वाईट, धुरातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वरचा थर खडूसारखा भुसभुशीत होऊ शकतो.

अशा कामांना धुराड्यावालाच. यात ज्वाळा बंद कोठीत जळते, धूर पाईपने बाहेर, आणि फॅनची हवा कोठीच्या बाहेरून फिरून गरम होते, म्हणून ती स्वच्छ आणि कोरडी. मशीन बाहेर ठेवून डक्टने हवा आत घेता येते हा तर मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. थोडी उष्णता धुराड्यातून वाया जाते, वजन जास्त, किंमतही जास्त, पण माणसं दिवसभर बंद जागेत काम करणार असतील तर दुसरा विचारच करू नका.

उघड्या शेडमध्ये, दार सताड उघडं असलेल्या वर्कशॉपमध्ये, थोडा वेळ ऊब हवी असेल तर साधा रॉकेलवाला पुरतो. कडक थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो, तिथे रॉकेल बरं. पेट्रोल चुकूनसुद्धा नाही, स्फोट होईल. बंद करताना प्लग उपटू नका, स्विच बंद करून फॅनला आतली कोठी गार करू द्या.

सेकंडहँड घेत असाल तर आधी चालू करून बघा. ज्वाळा तोंडाबाहेर येत असेल किंवा धूर पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा असेल तर बहुतेक पंपाचा दाब बिघडलाय किंवा एअर फिल्टर भरलाय, फिल्टर स्वस्तात होतो, पंप झिजला असेल तर भाव पाडून मागा.