थायमसमधली निवड की बाहेरचा बंदोबस्त?

आपल्याच प्रथिनांवर तुटून पडू नये, हे टी-पेशींना (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना) पहिल्यांदा शिकवतो थायमस, म्हणजे छातीच्या हाडामागची लहानशी ग्रंथी. तिथल्या काही पेशी ‘एअर’ जनुकाच्या जोरावर चक्क स्वादुपिंडाचं इन्सुलिनसुद्धा किंचित तयार करून दाखवतात! त्याला घट्ट चिकटणारी टी-पेशी बहुधा तिथेच मारली जाते. मला यातलं हेच सर्वांत थक्क करणारं वाटतं. तरी काही निसटतातच.

त्यांना बाहेर आवरतात नियामक टी-पेशी (यातल्या बऱ्याच थायमसमध्येच घडतात). शिमोन साकागुचींनी त्या १९९५ मध्ये ओळखल्या, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये या पेशी घडवण्यासाठी लागणारं फॉक्सपी३ जनुक शोधलं. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं.

‘एअर’ बिघडलं तर पॅराथायरॉइड, अ‍ॅड्रिनल अशा ग्रंथी हळूहळू निकामी होतात. फॉक्सपी३ बिघडलं तर तान्ह्या मुलग्याला न थांबणारे जुलाब, मधुमेह, इसब. उपचार न मिळाल्यास बहुतेक बाळं दगावतात. म्हणून उपचारांची आशा मला दुसऱ्या वाटेवर, म्हणजे बाहेरच्या बंदोबस्तात, जास्त दिसते. नियामक पेशी रक्तातून काढून, प्रयोगशाळेत वाढवून रुग्णाला परत देता येतात.