पाहुणे आलेत, दिवस एकच आहे: राणीबाग की बोरिवलीचं नॅशनल पार्क?

गावाहून पाहुणे आले की दुसऱ्या दिवशीच्या चहाला हा विषय निघतोच. मुलांना प्राणी बघायचे असतात, मोठ्यांना झाडाखाली बसायचं असतं आणि हाताशी रजा एकाच दिवसाची असते. आधी वार बघा. राणीबाग, म्हणजे मुंबईत भायखळ्याला असलेली प्राणिसंग्रहालयाची बाग, बुधवारी बंद असते आणि बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी. निम्म्या घरांचा वाद इथेच मिटतो.

वाद उरलाच तर मी एकच विचारते: बरोबर कोण आहे? गुडघे दुखणारी आत्या आणि तीन वर्षांचं पोर असेल तर राणीबाग. भायखळा स्टेशनला पूर्वेकडे उतरून चालत जाता येतं. पन्नासेक एकरांची बाग आहे, सपाट रस्ते आहेत, दमलं की सावली आहे. २०१७ मध्ये तिकीट पाच रुपयांवरून पन्नासवर गेलं तेव्हा बरीच ओरड झाली होती. पण आईवडील आणि दोन मुलं मिळून शंभर रुपये, असं कुटुंबाचं तिकीटही तेव्हाच आलं. या शहरात एवढ्या पैशांत चौघांचा अख्खा दिवस आणखी कुठे जातो, मला तरी ठाऊक नाही.

तिथे सगळे धावतात पेंग्विन बघायला. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आलेले हे हम्बोल्ट पेंग्विन मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. मुलं काचेला नाक लावून उभी राहतात, म्हणून ते दाखवाच. पण सुट्टीच्या दिवशी रांग मोठी आणि आतला मुक्काम छोटा. माझ्या मते राणीबागेची खरी श्रीमंती तिची झाडं. १८६०च्या दशकात ही बाग वसवली ती वनस्पतींसाठी. पिंपासारख्या बुंध्याची गोरखचिंच, खोडालाच फुलं आणि तोफगोळ्यांएवढी फळं लगडलेला कैलासपती आणि फुलली असेल तर उर्वशी, एवढं बघितलं तरी फेरी वसूल.

शेजारीच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, तिकीट वेगळं. घारापुरीला पोर्तुगिजांनी ज्याच्यावरून ‘एलिफंटा’ म्हटलं, तो दगडी हत्ती इथे उभा आहे. तिथून हलवताना त्याचे तुकडे झाले होते, ते नंतर जोडले. काळा घोडा चौकातला मूळ घोड्याचा पुतळाही १९६५ पासून याच आवारात आहे. दक्षिण मुंबईतल्या चौकात तो शोधणाऱ्या पाहुण्यांना हे सांगायला मला फार आवडतं.

बोरिवलीचं गणितच निराळं. क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास पाचशे राणीबागा मावतील एवढं. ही बाग नव्हे, जंगल आहे. शहराला पाणी पुरवणारे विहार आणि तुळशी तलाव याच्याच पोटात आहेत. बिबटे आहेत, पण दिवसा रस्त्याने जाताना ते दिसतील अशी आशा धरू नका. वाघ-सिंहांच्या सफारीत जाळी लावलेल्या बसमधून फिरवतात. मुलांना मजा येते, मला ती मोठ्या पिंजऱ्याची फेरी वाटते. ‘वनराणी’चं आमिष मुलांना घरूनच दाखवू नका. २०२१च्या तौक्ते वादळात या छोट्या गाडीच्या रुळांची नासधूस होऊन ती बंद पडली होती. गेटवर विचारा, मग बोला.

मी बोरिवलीला जाते ती कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांसाठी. मुख्य फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, तिकीट वेगळं आहे आणि पायऱ्या भरपूर. एकाच डोंगरात शंभराहून जास्त लेणी. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाबाहेर दोन्ही बाजूंना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती आहेत. त्यांच्या पायाशी उभं राहून वर बघताना बडबडी पोरंही गप्प होतात. पण खरी गंमत वर चढल्यावर कळते. भिक्खूंच्या खोल्यांबाहेर बसायचे दगडी ओटे आहेत आणि जागोजागी पाण्याच्या पोढी, म्हणजे दगडातली टाकी, खोदल्या आहेत. डोंगरावरचं पावसाचं पाणी पन्हळींतून पोढींत उतरवलेलं आहे. जुलै-ऑगस्टात गेलात तर ही सगळी यंत्रणा वाहती दिसते. मात्र तेव्हा दगडावर शेवाळ असतं, आत्याला नेऊ नका. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीत लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालांतले. लेणी बघायला आलेल्या पारशांनी त्यात आपली नावं कोरून ठेवली आहेत. भिंतीवर नाव लिहिण्याची पर्यटकांची खोड हजार वर्षांची आहे म्हणायची!

दोन्ही एका दिवसात करू नका. आम्ही एकदा केलं. संध्याकाळी भायखळ्याला पोचलो तर तिकीटखिडकी बंद झालेली. बोरिवलीला जायचं तर सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत लेण्यांवर पोचा. वाटेत आदिवासी बायका काकड्या, बोरं, आवळे घेऊन बसलेल्या असतात. घ्या, पण उभ्या उभ्या तिथेच खाऊन संपवा. कान्हेरीच्या पायऱ्यांवर माकडं फक्त पिशव्यांकडे बघत बसलेली असतात. माझ्या भाच्याने मीठ लावलेली काकडी तोंडापर्यंत नेली होती, खाल्ली मात्र दुसऱ्याच कोणीतरी.