सॉलिटेअर की फ्रीसेल? फोनवर एकट्याने पत्ते लावणाऱ्यांसाठी

रिकामा वेळ घालवायला फोनवर खेळ हवा आणि तो पत्त्यांचाच हवा, इथपर्यंत ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. लुडोला समोर कुणीतरी लागतं. रंगीत गोळ्या जुळवायच्या खेळांत बहुतेक वेळा ‘लाइफ’ संपतात आणि त्या परत भरेपर्यंत थांबावं लागतं. वाट बघणं सोसावं म्हणून घेतलेल्या खेळानेच वाट बघायला लावायची, हे मला पटत नाही. पत्त्यांना नेट लागत नाही, घाई नसते, आणि डॉक्टरांकडे आपलं नाव पुकारलं तर डाव आहे तसा ठेवून उठता येतं.

सॉलिटेअर म्हणजे इथे क्लोंडाईक, सात ढिगांचं. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर आलेलं हेच ते, ज्याच्यावर कितीतरी ऑफिसांनी माउस धरायचा सराव केला. फ्रीसेल त्याहून जुना कार्यक्रम आहे. पॉल अल्फिल यांनी तो १९७८ मध्ये प्लेटो या संगणक यंत्रणेवर लिहिला होता. आपल्यातल्या बहुतेकांना तो दिसला विंडोज ९५ मध्ये, आणि एकदा उघडून, काही न कळून, बरेच जण सॉलिटेअरकडे परतले.

गर्दीत उभ्याने खेळायचं असेल तर सॉलिटेअरला तोड नाही, हे आधीच सांगून टाकतो. एक हात कडीला, एका अंगठ्याने खेळ. ढीग सातच, त्यामुळे पत्ते जरा रुंद दिसतात. डोकं निम्मं स्टेशनांकडे असलं तरी काळी सत्ती लाल अठ्ठीवर जातेच. शिवाय हा खेळ सगळ्यांना येतो. शेजारचा अनोळखी माणूस मान तिरकी करून बघत असतो आणि न राहवून म्हणतो, “अहो, ती बदामाची दुर्री वर जाईल की.” फ्रीसेल खेळताना असं कुणी बोललेलं मला आठवत नाही. त्यात आठ ढीग, पत्ते बारीक, आणि बघणाऱ्याला हा माणूस नुसता टक लावून का बसलाय तेच कळत नाही.

मग अडलं कुठे? उलट्या पत्त्यांपाशी.

सॉलिटेअरमध्ये डाव मांडला की सात ढिगांत मिळून एकवीस पत्ते उलटे असतात. समजा, दोन लाल छक्क्या आहेत आणि दोन्हींखाली उलटे पत्ते. काळ्या सत्तीवर एकच जाणार. कुठली उचलायची? थोडे आडाखे बांधता येतात, जिथे उलटे पत्ते जास्त तो ढीग आधी मोकळा करावा वगैरे, पण शेवटी हा अंदाजच. खऱ्या पत्त्यांत तो अंदाज चुकला तर चुकला. फोनवर मात्र खाली ‘मागे घ्या’चा बाण असतो. मी एक छक्की उचलतो, खालचा पत्ता बघतो, आवडला नाही की बाण दाबतो आणि दुसरी उचलतो. ही सरळसरळ चोरून बघायची सवय. बदामसात खेळताना कुणी शेजाऱ्याच्या हातात डोकावलं तर आपण त्याला उठवून लावू, आणि इथे तेच बिनदिक्कत चालतं. बाण वापरायचा नाही असं ठरवावं, तर अंगठा चुकून भलत्या पत्त्यावर पडला तरी भोगा.

त्यातून डाव अडला तर दोष कुणाचा तेही कळत नाही. सगळे पत्ते आधीच माहीत आहेत असं धरलं तरी सॉलिटेअरचे शंभरातले साधारण ब्याऐंशी डाव सुटण्यासारखे असतात. उरलेले कुणी काहीही केलं तरी लागत नाहीत. फक्त सुटणारेच डाव द्यायची सोय काही ॲपमध्ये असते, ती चालू करावी. पण डोकावण्याचं दुखणं त्याने जात नाही.

फ्रीसेलमध्ये बावन्नच्या बावन्न पत्ते पहिल्यापासून सुलटे. तिथेही मी बाण दाबतो, सॉलिटेअरपेक्षा कदाचित जास्तच, पण त्यातून न दिसलेलं काही दिसत नाही. चार चाली पुढे जाऊन बघितलं, जमलं नाही, परत आलो, एवढंच. एवढ्या एका गोष्टीवर माझा कल ठरला. इतरांना ती क्षुल्लक वाटेल, वाटू दे.

शिवाय इथे नशिबाला नावं ठेवायला जागा नाही. विंडोजच्या जुन्या फ्रीसेलमध्ये क्रमांक दिलेले ३२,००० डाव होते. १९९४-९५ मध्ये इंटरनेटवरच्या हौशी लोकांनी ते आपसांत वाटून घेऊन सोडवले आणि एकच हट्टी उरला, ११९८२. पुढे दहा लाख डाव तपासले गेले तेव्हाही न सुटणारे आठच निघाले. म्हणजे अडलो तर आपणच अडलो, असं धरून चालायला हरकत नाही.

नवीन माणूस जिथे चिडतो ती जागा वेगळीच आहे. सहा पत्त्यांची सरळ ओळ उचलून पलीकडे ठेवायला जावं आणि ॲप नकार देतं. ॲप बिघडलेलं नसतं. खरं तर एका वेळी एकच पत्ता हलतो; फ्रीसेलमध्ये एकेक पत्ता तात्पुरता ठेवायला चार खण असतात, आणि त्यातले रिकामे खण वापरून ओळ हलवणं हे ॲप आपल्यासाठी भराभर करून दाखवतं. चारही खण मोकळे असतील तर पाच पत्ते, तीन असतील तर चार. एक अख्खा ढीग रिकामा असला की हा आकडा दुप्पट. म्हणून खण भरताना हात आखडता ठेवायचा. मी तरी चौथा खण भरायची वेळ आली की फोन बाजूला ठेवून खिडकीबाहेर बघतो.

फ्रीसेल घेतलंत तर सेटिंगमध्ये पत्ते आपोआप वर, म्हणजे एक्क्यापासून लागत जाणाऱ्या गड्ड्यांवर, जाण्याची सोय बंद करा किंवा कमीत कमी ठेवा. एक्के, दुर्र्या गेल्या तर बिघडत नाही, पण काळी तिर्री अजून खाली हवी असताना ॲपने ती परस्पर वर नेली की लाल दुर्रीला टेकायला जागा उरत नाही. आणि डावाचा क्रमांक टाकता येईल असंच ॲप शोधा. तोच क्रमांक मेहुण्याला पाठवला की त्यालाही तेच पत्ते मिळतात, मग तो दोन दिवस फोन करत नाही. ११९८२ पाठवायचा की नाही, हे तुमच्या संबंधांवर.